घर खरं, घरमालक खोटा : वर्कलाचा अनुभव

पुण्याच्या थंडीत ह्यांचा दमा बळावतो. म्हणून यंदा डिसेंबर ते फेब्रुवारी केरळात वर्कलाला राहायचं ठरवलं. समुद्रकाठचं लहानसं गाव, डिसेंबरात पाऊस ओसरलेला असतो, पहाटेसुद्धा स्वेटर लागत नाही. त्यापायी आम्ही 48 हजार रुपये एका भामट्याच्या हवाली केले. कुणी असाच बेत आखत असाल तर आधी हे वाचा.

भाड्याच्या घरांच्या एका साइटवर समुद्रावरच्या कड्यापासून दहा मिनिटांवरचं घर दिसलं. निळं फाटक, फणसाच्या बुंध्यावर चढलेला मिरीचा वेल, लाल गुळगुळीत जमिनीचा व्हरांडा. भाडं महिना 18 हजार. मालक म्हणे दुबईत, किल्ली केअरटेकर देणार. हिंदी मोडकं, पण बोलणं आदबीचं. दर फोनला ह्यांच्या तब्येतीची चौकशी. आधार कार्डाचा फोटो आला, कराराची पीडीएफही आली.

आधी 5 हजार टोकन घेतलं. मग म्हणाला, "आंटी, नाताळ आहे, 30 तारखेपासून शिवगिरीची यात्रा आहे. डिपॉझिट आजच टाका, दुसरी पार्टी थांबलीय." यात्रा खरीच असते. वर्कलाच्या शिवगिरी मठात केरळचे संत आणि समाजसुधारक श्रीनारायण गुरू यांच्या समाधीच्या दर्शनाला 30 डिसेंबर ते 1 जानेवारी प्रचंड गर्दी लोटते. मी ते शोधून पाहिलं, खरं निघालं, आणि नेमका त्यामुळेच माझा विश्वास बसला. 36 हजार पाठवले.

पैसे पाठवताना यूपीआयवर आलेलं नाव आधारवरचं नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "मेहुण्याचं खातं आहे, मी परदेशात ना." तिथेच थांबायला हवं होतं. मी थांबले नाही.

शेवटचे 7 हजार त्याने आम्ही पनवेलला नेत्रावती एक्स्प्रेसमध्ये बसल्यावर मागितले, भाडेकरूंच्या पोलीस नोंदणीचे म्हणून. कोकण रेल्वेच्या बोगद्यांत रेंज येत-जात होती. दोनदा पेमेंट अडकलं, तिसऱ्यांदा मीच पुन्हा केलं. सामान बांधून गाडीत बसलेली माणसं आता नाही म्हणणार नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वर्कला-शिवगिरीला उतरलो. केअरटेकर नाही, फोन बंद. पत्ता दाखवल्यावर रिक्षावाल्याने थेट त्या निळ्या फाटकापाशी नेलं. तोच फणस, तोच वेल. मला हायसं वाटलं. फाटक एका आजींनी उघडलं. त्यांना हिंदी येईना, आम्हाला मल्याळम. मी मोबाइलवरचा फोटो पुढे केला. त्यांनी आतून चष्मा आणला, फोटो पाहिला, मागे वळून स्वतःच्या व्हरांड्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे. सुनेने इंग्रजीत सांगितलं, घर कधीच भाड्याने दिलेलं नाही. रंगकाम झाल्यावर नवऱ्याने फेसबुकवर टाकलेले हे फोटो. ह्यांना धाप लागली होती. आजींनी त्यांना पायरीवर बसवलं आणि पतिमुखम नावाच्या औषधी लाकडाचे तुकडे घालून उकळलेलं गुलाबी पाणी दिलं.

त्याच क्षणी 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन करायला हवा होता. लाजेपायी आम्ही सकाळपर्यंत थांबलो. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात, आमची जबाबदारी नाही. तक्रारीनंतर फक्त शेवटचे 7 हजार त्या खात्यात गोठवता आले, कारण ते अजून पुढे गेले नव्हते. लवकर कळवलं तर पैसे अडवता येतात, आणि इथे तासातासाने फरक पडतो.

आम्ही खात्री केली ती घराची. नकाशावर पाहिलं, फोटो पाहिले. घर खोटं नव्हतंच. त्या माणसाचा घराशी काय संबंध, हे तपासलंच नाही. त्याच्या नावाचं वीजबिल मागा. व्हिडिओ कॉलवर फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंत चालत दाखवायला सांगा. जाहिरातीतले फोटो गूगलवर टाकून आणखी कुठे आहेत ते बघा. आधारच्या फोटोवर भिस्त ठेवू नका, तो दुसऱ्या फसलेल्या माणसाचा असू शकतो.

पुढचे चार दिवस जनार्दनस्वामींच्या देवळाजवळ लॉजवर काढले आणि रोज सकाळी पायी हिंडून घरं पाहिली. पाचव्या दिवशी एक खोली मिळाली. मालकीणबाईंनी समोर बसून एकाच महिन्याचं भाडं मोजून घेतलं आणि वहीचं पान फाडून पावती लिहून दिली.