अटोर्वास्टॅटिन आणि बिघडलेली चव : आठ महिन्यांच्या वापरानंतर

कोलेस्टेरॉलसाठी अटोर्वास्टॅटिनची २० मिलिग्रॅमची गोळी सुरू केल्यावर तिसऱ्या आठवड्यात मला पाणीसुद्धा जिभेवर नाणे ठेवल्यासारखे लागू लागले आणि गोड पदार्थांना कडवट छटा आली. गोळीच्या माहितीपत्रकात चवीतील बदल नोंदवलेला आहे. तो हजारात एक ते दहा जणांना होऊ शकतो. तरीही सगळा दोष गोळीला देण्याआधी मी दंतवैद्याकडून हिरड्या तपासून घेतल्या, कारण हिरड्यांचे विकार, चोंदलेले नाक, जस्ताची कमतरता किंवा मधुमेहावरील मेटफॉर्मिनसारखे दुसरे औषध यांमुळेही तोंडाची चव अशीच बिघडते.

गोळी रात्रीऐवजी सकाळी घेऊन पाहिली. हे औषध शरीरात बराच काळ टिकत असल्यामुळे वेळ बदलायला डॉक्टरांची हरकत नव्हती, पण चवीत काडीचाही फरक पडला नाही. उपयोग झाला तो साध्या गोष्टींचा : धातूच्या चमच्याऐवजी लाकडी चमचा, जेवणाआधी कोमट पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालून भरलेली चूळ आणि दिवसभर घोटघोट पाणी. आंबटपणाने धातूची चव बऱ्यापैकी झाकली जाते, म्हणून लिंबू वाढवले. ग्रेपफ्रूट हे संत्र्याच्या जातीचे फळ मात्र कटाक्षाने टाळले, कारण ते अटोर्वास्टॅटिनचे रक्तातील प्रमाण वाढवते.

खरी चूक माझ्याकडून मिठाच्या बाबतीत झाली. सगळेच बेचव लागते म्हणून मी वरून मीठ घेत गेलो आणि घरच्यांनी माझ्या ताटातला एक घास चाखून तोंड वाकडे केले, तेव्हा कुठे ते माझ्या ध्यानात आले. हृदयासाठी औषध घ्यायचे आणि मिठाने रक्तदाब वाढवायचा, असा तो उफराटा कारभार होता. त्यानंतर मिठाचा दिवसाचा वाटा सकाळीच मोजून ठेवू लागलो.

गोळी परस्पर बंद करण्याचा मोह अनेकदा झाला, पण ती थांबवली की काही आठवड्यांत एलडीएल (म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) पुन्हा पूर्वपदावर जाते, हे ठाऊक होते. चौथ्या महिन्यात ते १७१ वरून ९४ वर आलेले दिसले. रोजच्या नोंदींची वही दाखवल्यावर डॉक्टरांनी त्याच गटातले दुसरे औषध, रोसुवास्टॅटिन १० मिलिग्रॅम, लिहून दिले. गोळी बदलल्यावर तीन आठवड्यांत पाणी पाण्यासारखे लागू लागले. हा निव्वळ गोळीबदलाचा परिणाम, की तोवर जीभ सरावली होती, हे एकट्याच्या अनुभवावरून सांगता येणार नाही. कॉफी अजूनही जळकट लागते, त्यामुळे ती तूर्त सोडली आहे.