पंचवटी दर्शन रिक्षा: ठिकाणं चोख, कथेचा क्रम उलटा

रामकथेवर स्वतःची कथा किंवा फॅन फिक्शन लिहायला घेतलेल्यांनी नाशिकला रामकुंडावरून पंचवटी दर्शनाची रिक्षा एकदा जरूर करावी. पाच तारे मात्र देता येत नाहीत. साडेतीन.

नेहमीचा फेरा असा: रामकुंड, कपालेश्वर, काळाराम, सीतागुंफा आणि शेवटी दीड-दोन किलोमीटरवरचं तपोवन. रस्त्याच्या दृष्टीने सोयीचा, पण कथेच्या दृष्टीने उलटा. सीताहरण गुंफेपाशी ऐकायचं आणि शूर्पणखेचं नाक त्यानंतर तपोवनात कापलं जायचं! वाल्मीकींच्या अरण्यकांडात एकातून दुसरं निघतं. शूर्पणखा विद्रूप होते, म्हणून तिचा भाऊ खर आधी चौदा राक्षस पाठवतो, मग चौदा हजारांची सेना घेऊन स्वतः येतो. तो पडतो, म्हणून बातमी लंकेत जाते, आणि मग मारीचाचं सोन्याचं हरीण. यातली खराची लढाई रिक्षातल्या कथनात बहुतेकदा गळते. ती गळली की रावण एवढ्या लांब येतो कशासाठी, याला पुरेसं कारणच उरत नाही. नव्या कथेतही हा दुवा तोडू नये. पात्रं बदला, काळ बदला, पण ही साखळी ठेवा.

सीतागुंफेत हरण झालं, असं तिथे सांगतात. वाल्मीकींमध्ये हरण पर्णकुटीतून होतं. गुहा येते ती खराशी लढाईच्या वेळी: राम लक्ष्मणाला सांगतो, सीतेला घेऊन झाडांनी झाकलेल्या डोंगरातल्या गुहेत जा. त्या अरुंद वाटेत वाकून, बसून सरकताना हा प्रसंग आठवला तर जागा एकदम बोलू लागते. (गुडघेदुखी किंवा दम्याचा त्रास असेल तर आत जाऊ नका. पाठीवरची सॅक बाहेरच ठेवा, ती अडकते.)

लक्ष्मणरेषा मात्र प्रत्येक कथनात असते. वाल्मीकींच्या हरणप्रसंगात ती नाही. तुलसीदासांच्या अरण्यकांडातही नाही, पुढे लंकाकांडात मंदोदरीच्या तोंडी तिचा उल्लेख येतो. रेषा वापरायला हरकत नाही, लोकांची ती लाडकी आहे. पण तिच्यासाठी सीतेचे कठोर शब्द काढून टाकू नका. लक्ष्मण निघतो तो त्या शब्दांनी घायाळ होऊन. वाचकाला तिथे दोघांचंही दुखतं. तो प्रसंग गुळगुळीत केला की लक्ष्मण नुसता हुकमाचा ताबेदार उरतो.

तसाच तपोवनातला प्रसंग. राम-लक्ष्मण आधी शूर्पणखेची थट्टा करतात, ती चिडून सीतेवर धावते, मग नाक-कान कापले जातात. क्रूरांशी थट्टा करू नये, असं राम स्वतःच म्हणतो. थट्टा वगळून थेट नाक कापलेलं दाखवलं, तर सगळा प्रसंग एकरंगी होतो.

काळारामापाशी मंदिराचा काळा दगड दाखवतात. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांनी इथे सुरू केलेल्या मंदिरप्रवेश सत्याग्रहाबद्दल आपणहून विचारा. रामकथा कोणाची, हा प्रश्न लिहिणाऱ्याने इथेच समजून घ्यावा.

रिक्षा ठरवतानाच सांगा: "दादा, आधी तपोवन, मग सीतागुंफा, काळाराम, शेवटी रामकुंड." एवढ्यानेच अर्धा दोष जातो. भाडं सीटवर की पूर्ण रिक्षाचं, थांबण्याचा वेळ धरून की वेगळा, तपोवन त्यात आहे की नाही, हे बसण्याआधी बोलून घ्या. दोन तास हाताशी ठेवा. जटायूची जागा मानलं जाणारं टाकेद या फेऱ्यात येत नाही. ते इगतपुरी तालुक्यात आहे, त्यासाठी वेगळी गाडी करावी लागते.