पुराच्या तयारीचं ट्रेनिंग, नदीकाठच्या गावांनी घ्याच
आमच्या कृष्णाकाठच्या गावात पावसाळ्याआधी शेजारच्या बचाव पथकातल्या पोरांनी ट्रेनिंग दिलं, एकदम भारी झालं. २०१९ च्या पुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ गावात माणसं नेणारी बोट उलटली तेव्हापासून इकडं बोट म्हटलं की पोटात गोळा येतो, म्हणून लाईफ जॅकेटचे पट्टे कसे आवळायचे, बोटीत किती माणसं घ्यायची यावरच त्यांनी जास्त वेळ दिला. रिकाम्या कॅनना दोरी बांधून तराफा केला, आज्जींनी स्वतः गाठ मारली! सांगलीच्या आयर्विन पुलाला ४० फूट इशारा पातळी आणि ४५ धोका, पण जनावरं त्याच्या आधीच हलवायची हे गोठ्यागोठ्यात जाऊन सांगितलं, हे फार आवडलं. जॅकेटं मात्र कमी पडली आणि रात्रीचा सराव झाला नाही, तो पाहिजेच. पैसे एक रुपया घेतला नाही.