पाढ्यांसाठी कार्डं की ठिपक्यांचा तक्ता?

मुलांना पाढे शिकवायला घरी काही करायचं म्हटलं की दोन गोष्टी चटकन सुचतात: प्रश्नोत्तरांची कार्डं आणि दहा बाय दहा ठिपक्यांचा तक्ता. आमच्याकडे दोन्ही झालं. (भिंतीवरचा छापील तक्ता मी धरतच नाही, चार दिवसांनी त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही.)

कार्डं करायला सोपी. जुन्या लग्नपत्रिका कापायच्या, पुढे ७ × ८, मागे ५६. प्रवासात चालतात, आजीबरोबर खेळता येतात. ‘सात एके सात’पासून आठीपर्यंत धावत यायची सवयही त्यांनी मोडते. शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी वेगच हवा असेल, तर त्यांना तोड नाही असं म्हणणारे पालक मला भेटलेत, आणि ते चूक असतील असं नाही.

माझं मन उडालं ते एका गोष्टीने. मुलगी सात आठी ओळखत नव्हती, ते कार्ड ओळखत होती! त्याच्या कोपऱ्यात पत्रिकेवरच्या गणपतीची सोंड उरली होती, म्हणून छप्पन. सहा सातीच्या कार्डावर कुंकवाचा डाग, म्हणून बेचाळीस. तोंडी ‘आठ साती?’ विचारलं की गप्प. मग कोऱ्या पुठ्ठ्याची कार्डं केली, तर त्यांचेही कोपरे दुमडून नव्या खुणा तयार. शिवाय अडलं की कार्ड नुसतं उत्तर दाखवतं, तिथवर पोचायचं कसं ते नाही.

तक्त्याला थोडा खटाटोप आहे. चौकटीच्या वहीचा कागद, दहा ओळींत दहा-दहा ठिपके, आणि नको ते ठिपके झाकायला काटकोनात कापलेला पुठ्ठा. पाचव्या आडव्या ओळीनंतर आणि पाचव्या उभ्या रांगेनंतर एकेक जाड रेघ मारा. खरी गंमत त्या रेघांत आहे. सात ओळी आठ-आठच्या उघड्या ठेवल्या की आत पंचवीस, पंधरा, दहा आणि सहाचे तुकडे दिसतात. किंवा सरळ सात पंचे पस्तीस आणि सात त्रिक एकवीस. कागद फिरवला की तेच ठिपके आठ साती होतात, वेगळं सांगावं लागत नाही. आता अडलं की ती उत्तर मागत नाही, हवेत रेघ ओढते.

दहाच्या पुढे मात्र तक्ता अपुरा पडतो. तिथे सतरा सक म्हणजे साठ अधिक बेचाळीस, अशी फोड तोंडीच करून घ्यावी.

आणि तक्त्यानंतर वेगासाठी कार्डं करायचीच असतील, तर शंभर करत बसू नका. एक, दोन, पाच आणि दहाचे पाढे मुलांना बहुधा येतातच. नऊचा, दहापटीतून एकदा वजा करून निघतो. उलटसुलट जोड्या एकच धरल्या, की ३, ४, ६, ७ आणि ८ यांची मिळून १५ कार्डं उरतात. ती मात्र एकाच पुठ्ठ्यातून कापा, गणपती वगळून.