टायबेरियसची पाच नाणी, एकच चीर आणि रु. १,१७,५००

रोमन नाण्यांच्या नावाखाली मला रु. १,१७,५०० ला गंडवलं गेलंय. चारचौघांत सांगायची लाज वाटते, पण तो माणूस अजून प्रदर्शनांत टेबल मांडून बसतो, म्हणून लिहितोय.

आधी त्याने रोमन सम्राट ऑगस्टसचा एक झिजलेला डिनेरियस, म्हणजे चांदीचं रोमन नाणं, रु. १४,००० ला दिला. मागच्या बाजूला त्याचे नातू गायस आणि लुशियस ढाली घेऊन उभे, भारतात सापडणारा नेहमीचा प्रकार. जाणकारांना दाखवला, अस्सल निघाला. विश्वास बसावा म्हणून टाकलेलं आमिष होतं ते. मग फोन आला: कोइंबतूरकडे शेतात नाण्यांचं मडकं लागलंय, ऑगस्टसनंतरचा सम्राट टायबेरियस, त्याचे पाच आहेत, रु. २३,५०० ला एक, पाचही घेणार असाल तरच. रु. ६०,००० आणि रु. ५७,५०० असे दोन हप्त्यांत यूपीआयने पाठवले.

यात भाबडेपणा कुठे होता ते मला कोणी सांगावं. कोइंबतूरच्या पट्ट्यात रोमन नाण्यांचे साठे खरोखर सापडलेत, आणि दक्षिणेतल्या चांदीच्या नाण्यांत सर्वाधिक भरणा ऑगस्टस आणि टायबेरियसचाच आहे. भारत दरवर्षी ५ कोटी सेस्टर्स (रोमन चलन) ओढून घेतो, अशी तक्रार प्लिनी या रोमन लेखकाने पहिल्या शतकातच केली होती. कथा खोटी वाटावी असं तिच्यात काहीच नव्हतं. तरी मडकं लागलं म्हणणाऱ्याला एकच विचारा: कलेक्टरला कळवलंत का? जमिनीत सापडलेल्या ठेव्यांबाबतच्या १८७८ च्या कायद्याने कळवावंच लागतं. हा प्रश्न ऐकून खोटा माणूस फोन ठेवतो.

आता तो क्षण. पाचही नाणी टेबलावर ओळीने ठेवली होती. टायबेरियसच्या मानेमागे कडेला एक बारीक चीर. दुसऱ्यावरही तीच, तिसऱ्यावरही. मागच्या बाजूला बसलेली स्त्री पाचही नाण्यांवर डावीकडे तेवढीच सरकलेली. मी विचारलंसुद्धा! तो म्हणाला, "एकाच ठशातली आहेत, म्हणून तर सेटची किंमत." अहो, ठसा एक असू शकतो. पण दर नाणं हातोड्याने वेगळं ठोकलेलं, त्याची कड वेगळी फाटते, चित्र वेगळं सरकतं. चीर जुळली म्हणजे एका नाण्यावरून साचा काढून बाकीची ओतलेली आहेत. हे मला माहीत होतं. तरी त्या क्षणी त्याचं बोलणं पटलं, याचा संताप अजून जात नाही.

वजन साधारण ३.७ ग्रॅम हवं, ही सगळी ३.२ च्या आसपास. "झिजलंय," म्हणे. झीज केसांवर, कानावर, गालावर दिसते. खोलगट भागातली अक्षरं टिकतात. इथे सगळंच वापरलेल्या साबणासारखं गुळगुळीत होतं. सराफाकडे चांदी तपासून समाधान मानू नका, खोटं नाणंही चांदीचं असू शकतं. पाकिटावर छापलेल्या नाणेसूचीतल्या क्रमांकावरून प्रकार कळतो, खरेपणा नाही.

जाब विचारला तर म्हणतो, मग ही त्या काळातली भारतीय नक्कल असेल, ती तर आणखी दुर्मीळ! अशा नकला होत्या हे खरं, पण त्यांवरची अक्षरं बहुतेकदा नुसत्या रेघोट्या असतात. माझ्या नाण्यांवर लॅटिन मजकूर अक्षर न अक्षर बरोबर आहे.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न मलाच: "पुरातन वस्तू घेतलीतच का?" पुरावस्तूंबाबतच्या १९७२ च्या कायद्याने परवाना विकणाऱ्या व्यापाऱ्याला लागतो, हे मी तिथे उभं राहून समजावत होतो! मग म्हणाले, हा दिवाणी व्यवहार आहे, पुरातत्त्ववाल्यांकडे जा. तिथल्या साहेबांनी भिंगही हातात न घेता सांगितलं, नाणी खोटी म्हणजे शंभर वर्षं जुनी नाहीत, म्हणजे पुरावस्तू नाहीत, आमचा संबंध नाही. पुन्हा पोलीस, तर ते म्हणतात, खोटी आहेत असं पुरातत्त्वकडून लेखी आणा. लेखी कोणी देत नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तर पैसे तुम्हीच स्वखुशीने पाठवलेत म्हणाले. खोट्या वस्तूसाठी स्वखुशीने पैसे कोण पाठवतो? बँकेने तर उत्तरही दिलं नाही. दोन्ही कार्यालयांत कायद्याचं कलम माहीत असलेला मी एकटाच होतो, आणि आरोपीसारखी उत्तरंही मीच देत होतो.

पावतीवर "अस्सल" हा शब्द आणि परत घेण्याची अट लिहून घ्या. माझ्या पावतीवर फक्त "जुनी नाणी ५ नग" आहे.

परवा एका व्हॉट्सॲप गटात टायबेरियस रु. २६,००० ला आला. मानेमागे चीर तीच, मागची स्त्री तेवढीच डावीकडे. मी तिथे पाचही नाण्यांचे फोटो टाकले, तर ॲडमिनने मलाच गटातून काढलं. तुमच्यापर्यंत तो आला तर घेऊ नका.