‘ओपन स्टँडर्ड’ सांगून आम्हाला कसं अडकवलं

भोसरी एमआयडीसीत आमचं मशीनिंगचं वर्कशॉप आहे. माल चाकणला जातो. बिल ईआरपीत (कारखान्याचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) बनायचं, मग तेच टॅलीत हाताने, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना ई-इन्व्हॉइस सक्तीचं झाल्यावर सरकारी पोर्टलवर तिसऱ्यांदा. अकाउंट्सच्या ताई रडकुंडीला आल्या होत्या.

तेव्हा ही तिन्ही एकमेकांना जोडून देतो म्हणत बाणेरकडची एक सॉफ्टवेअर कंपनी आली. “सर, सगळं वेब सर्व्हिसेसवर, ओपन स्टँडर्ड. उद्या आम्हाला सोडलंत तरी दुसरा कुणीही जोडून देईल.” हे कोटेशनमध्येही छापलं होतं. (वेब सर्व्हिस म्हणजे एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी नेटवर्कवरून बोलायची सोय.) इतरांपेक्षा जास्त पैसे आम्ही त्या एका वाक्यासाठीच मोजले.

नूतनीकरणाची वेळ आली आणि एएमसी, म्हणजे वर्षाच्या देखभालीची फी, दुपटीच्या वर गेली. म्हटलं, दुसऱ्याला दाखवू. पिंपरीतल्या ओळखीच्या मुलाने त्यांच्या वेब सर्व्हिसची डब्ल्यूएसडीएल फाईल सोपयूआय या तपासणीच्या टूलमध्ये उघडली आणि हसायलाच लागला. या फाईलमध्ये सेवेला कोणकोणती कामं सांगता येतात, प्रत्येकात कोणते रकाने, कुठे तारीख, कुठे रक्कम, हे लिहिलेलं असतं. त्यावरूनच परका माणूस जोडणी करू शकतो. आमच्या फाईलमध्ये काम एकच, ‘एक्झिक्यूट’. आत जाणार एक स्ट्रिंग, म्हणजे नुसता सलग मजकूर, बाहेर येणार एक स्ट्रिंग, आणि त्या स्ट्रिंगमध्ये यांनी एनक्रिप्ट केलेला मजकूर! नियमावर बोट ठेवलं तर सोप (वेब सर्व्हिसचा निरोप कसा पाठवायचा याचं ओपन स्टँडर्ड) आहेच. पाकीट रीतसर, आतली चिठ्ठी मात्र फक्त त्यांनाच वाचता येणारी.

टॅलीचं तर आणखी भारी. टॅली स्वतःच नेटवर्कवरून (एचटीटीपीने) एक्सएमएल, म्हणजे खुणा लावून लिहिलेली साधी मजकूर-फाईल, घेतं, पोर्ट सहसा ९०००. मधे कुणाचा सर्व्हर लागत नाही. तरी आमचं बिल एका टेबलावरून शेजारच्या टेबलावर जायला आधी यांच्या क्लाउडवर जात होतं. एएमसी थांबवल्यावर त्यांनी तो रस्ता बंद केला, ई-इन्व्हॉइसचाही. गाडी भरून गेटवर उभी, बिलाला आयआरएन (ई-इन्व्हॉइसचा सरकारी नोंदणी क्रमांक) नाही. फोनवर उत्तर काय, तर “स्टँडर्ड ओपनच आहे सर, फॉरमॅट आमचा आहे.” याला मी तरी फसवणूकच म्हणतो.

तुमच्याकडे असं कुणी आलं तर ऑर्डर देण्याआधी डब्ल्यूएसडीएल मागा, रेस्ट (वेब सर्व्हिसचा दुसरा प्रकार) असेल तर तशीच माहिती देणारी ओपनएपीआयची फाईल. ती त्यांच्या माणसाला नव्हे, तिसऱ्याच कुणाला देऊन त्याच्याकडून एक बिल चढवून घ्या. “आधी एनडीए (गुप्ततेचा करार) करू” म्हणाले तर चहा पाजून वाटेला लावा. डेमो चालू असताना ऑफिसचं इंटरनेट काढा. ईआरपी आणि टॅली एकाच नेटवर्कवर असतील तर त्यांच्यातली जोडणी तरीही चालली पाहिजे. शेवटचा हप्ता फॉरमॅटची कागदपत्रं हातात आल्यावरच, हे पीओत (खरेदीच्या ऑर्डरमध्ये) लिहा. तोंडी नको.

आमची टॅलीची जोडणी त्या मुलाने थेट एक्सएमएलने करून दिली आहे. ई-इन्व्हॉइससाठी मात्र ताई अजून पोर्टलवर हाताने जेसन फाईल (बिलाची माहिती ठरावीक साच्यात) चढवतायत.