गोणीतले पिस्टन कुणाचे?

नाशिकमध्ये कुणी जुनी ब्रिटिश गाडी पुन्हा उभी करत असेल, तर इंजिन उतरवायला होकार देण्याआधी हे वाचा. माझे पावणेदोन लाख रुपये अशा कामापोटी गेले, जे झालंच नव्हतं आणि ज्याची गाडीला गरजही नव्हती.

गाडी १९६५ची एमजीबी. मामांची. ते गेल्यावर मामींनी मला दिली. १७९८ सीसीचं इंजिन, दोन एसयू कार्बोरेटर, वर कापडी हूड. पत्रा, ब्रेक, वायरिंग हळूहळू मार्गी लागलं. इंजिनाचं दुखणं मात्र विचित्र होतं. सकाळी पहिल्या सेल्फला चालू. गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत कसलीही कुरबुर नाही. पुढे धरणाच्या दिशेने निघालं की मिसिंग सुरू, सायलेन्सरमधून फटाके, आणि शेवटी रस्त्याच्या कडेला मुक्काम. चहा पिऊन यावं तर बाईसाहेब पुन्हा एका सेल्फमध्ये तयार.

आता कळतं की या वागण्यातच अर्धं निदान होतं. झिजलेली रिंग (पिस्टनभोवतीचं, दाब गळू न देणारं कडं) थंड इंजिनातही झिजलेलीच असते. अर्धा तास सावलीत उभं केल्यावर ती बरी होत नाही. गरम झाल्यावर बिघडतं आणि निवल्यावर सुधारतं, असं दुखणं असेल तर आधी इग्निशन आणि पेट्रोलचा रस्ता बघायचा असतो.

जुन्या गाड्यांच्या वर्तुळात 'व्हिंटेजवाला' म्हणून नाव असलेल्या एका मेकॅनिककडे गाडी नेली. त्याने ती चालवून बघितली नाही. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं, वाफ दाखवली आणि म्हणाला, "साहेब, रिंगा गेल्या. बघा किती धूर मारतंय." थोडी वाफ साठ वर्षांच्या कुठल्याही इंजिनातून येतेच. मग सिलिंडरमधला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज लावलं. चारही सिलिंडर नव्वद पीएसआयच्या आसपास. या इंजिनाला दीडशेच्या पुढेमागे यायला हवं, म्हणजे आकडा खरोखर भीतीदायक होता.

हातचलाखी इथेच होती. कॉम्प्रेशन बघताना इंजिन गरम असावं लागतं, चारही प्लग काढलेले असावे लागतात आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा लागतो. थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप, बंद असेल तर सिलिंडरला पुरेशी हवाच मिळत नाही आणि चांगल्या इंजिनाचाही आकडा पडतो. याने ॲक्सिलरेटरला हात लावला नव्हता. त्यात चारही आकडे सारखेच कमी, हेही संशयास्पद. झीज इतकी शिस्तीत क्वचितच होते. आकडा खरंच कमी असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा गेज लावतात. आकडा चढला तर रिंगा किंवा सिलिंडरची झीज, जागचा हलला नाही तर व्हॉल्व किंवा हेड गॅसकेट. पाच मिनिटांचं काम. ते त्याने केलं नाही, कारण उत्तर त्याला नको होतं.

पुढचं ठरलेलंच. सिलिंडर चाळीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बोअर करून रुंद करायचे, ओव्हरसाइज पिस्टन इंग्लंडहून मागवायचे, क्रँक ग्राइंड, नवे बेअरिंग. निम्मे पैसे यूपीआयने, निम्मे रोख, 'जीएसटी वाचेल' म्हणून. बिल वहीच्या कागदावर. गाडी परत मिळाली तेव्हा इंजिन रंगवून चकचकीत केलेलं होतं, आणि पुराव्यादाखल एका गोणीत चार जुने पिस्टन दिले. "आमच्याकडे लपवाछपवी नाही," हे वर.

गाडी सोमेश्वरच्या पुढे गेली आणि पूर्वीसारखीच बंद पडली. त्याचं म्हणणं, नवीन इंजिन आहे, रनिंग होऊ द्या.

मायको सर्कलजवळ आमच्या ओळखीचे एक काका राहतात. सगळी नोकरी टूलरूममध्ये गेलेली, घरात मायक्रोमीटर देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखे पुसून ठेवलेले. त्यांनी एकच अट घातली: गाडी बंद पडेपर्यंत चालवायची आणि बंद पडली की तिथेच बघायचं. रस्त्याच्या कडेला त्यांनी कॉइलची मधली वायर ब्लॉकपासून थोडी लांब धरून मला सेल्फ मारायला लावला. ठिणगी पिवळट, मरतुकडी. प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं, तर पॉइंटच्या, म्हणजे कॉइलचा प्रवाह तोडणाऱ्या संपर्काच्या, एका तोंडावर टेकडी आणि दुसऱ्यावर खड्डा. "कंडेन्सर बघ," म्हणाले; पॉइंट जळू न देणारा आणि ठिणगी जोरदार ठेवणारा छोटा भाग तो. खिशातून दुसरा कंडेन्सर काढला, बाहेरूनच वायरला जोडला, त्याची बॉडी अर्थला टेकवली. ठिणगी निळी झाली, कडकड वाजली. गाडी घरापर्यंत आली आणि त्यानंतर मिसिंग नाही. त्या भागाची किंमत दीडशे-दोनशे रुपये.

गोणी त्यांनी सहज म्हणून उघडली. एका पिस्टनला व्हर्नियर लावला, आकडा बघितला, दुसऱ्याला लावला आणि मला विचारलं, "हे तुझ्या गाडीतले?" ७३ मिलिमीटर. एमजीबीच्या सिलिंडरचा मूळ व्यास ८०.२६ मिलिमीटर असतो. इतका बारीक पिस्टन त्यात घातला तर खुळखुळ्यासारखा वाजेल. ७३ म्हणजे आपल्या जुन्या ॲम्बेसिडरचं १४८९ सीसी इंजिन. दोन्ही इंजिनं बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सीरिजची, एकाच घराण्यातली. दोघांचा स्ट्रोकही ८८.९ मिलिमीटर. त्यामुळे गोणीतला पिस्टन बघून नवख्याला काही खटकत नाही. ॲम्बेसिडरचा भंगार माल मिळणं कठीण नाही, याला फक्त चार नग उचलायचे होते.

मग हेड उघडायचं ठरलं. पण 'बाहेर उघडलंत, आता माझी जबाबदारी नाही' असं तो म्हणणार हे उघड होतं. म्हणून त्याला आधी लेखी कळवून हजर राहायला सांगितलं. आला नाही. सातपूर एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये व्हिडिओ चालू ठेवून हेड काढलं आणि सिलिंडरची मापं त्यांच्या लेटरहेडवर घेतली. चाळीस थाऊ बोअर केलेला सिलिंडर ८१.२८ भरायला हवा होता. आमचे चारही ८०.२६ ते ८०.३० च्या दरम्यान. पिस्टनच्या डोक्यावर जुना, दगडासारखा कार्बन. ओव्हरसाइज पिस्टनवर सहसा कोरलेला असतो तो आकडा कुठेच नाही. नवीन होतं ते हेड गॅसकेट आणि रंग. मामांचं इंजिन बऱ्यापैकी धडधाकट होतं, हे मला दुसऱ्याच्या चोरीमुळे कळलं.

इंजिन एकदा उघडलं की आधीच्या अवस्थेचा पुरावा उरत नाही, आणि या लोकांचा धंदा त्यावरच चालतो. तुमची गाडी कुठे द्यायची असेल तर कॉम्प्रेशन तुमच्यासमोर, थ्रॉटल उघडा ठेवून बघायला लावा आणि चारही आकडे लिहून घ्या. पिस्टन परदेशातून येणार असतील तर पार्सलचं बिल मागा आणि बसवण्याआधी डब्यावरचं माप स्वतः वाचा. बोअरिंगचं बिल लेथवाल्याच्या नावाचं वेगळं हवं. परत मिळालेल्या जुन्या भागांना तिथल्या तिथे व्हर्नियर लावा; पाचशे रुपयांत मिळतो.

तक्रारीचं म्हणाल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद होते. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. रोख दिलेल्या पैशांचा माग नाही, पण यूपीआयची नोंद, गोणी आणि मशीन शॉपचा कागद आहे. वकिलाची नोटीस गेल्यावर त्याने 'पिस्टनचे' म्हणून साठ हजार परत केले आणि बोअरिंगचे पैसे लेथवाल्याकडून घ्या, असं सांगितलं. कोणता लेथवाला, ते त्याला अजून आठवलेलं नाही. आयोगाची तारीख पुढच्या महिन्यात आहे.